वर्णन आहे, पण ऐकवत नाही

पडद्यावर न बोलता जे घडतं, ते संवादांमधल्या फटींत सांगणारा आवाज म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन. या विषयावर आलेली निम्मी पत्रं ‘लावायचं कसं’ विचारणारी होती आणि निम्मी ‘लावलं, पण मजा गेली’ म्हणणारी. दुसऱ्या पत्रांना आम्ही जास्त जागा दिली आहे. लावण्याची वाट सेटिंग्जमध्ये सापडते, मजा कुठे गेली ते तिथे सापडत नाही.

सासूबाईंना काचबिंदूमुळे आता समोरचं थोडंसंच दिसतं. टीव्हीच्या मेनूत ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ ऑन केलं, तरी वेब सिरीजमध्ये वर्णन येत नाही. उलट आता रिमोटचं कुठलंही बटण दाबलं की टीव्ही बडबडतो. काय चुकलं? – नाशिक

तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. टीव्हीच्या स्वतःच्या मेनूतलं ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ हे बटण अँटेना किंवा केबलवरून येणाऱ्या प्रक्षेपणासाठी असतं. प्रक्षेपणात वर्णनाचा वेगळा ध्वनी असेल तरच ते काम करतं. टीव्हीवरच्या ओटीटी ॲपचा या बटणाशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. बडबड करतोय तो स्क्रीन रीडर. अँड्रॉइड टीव्हीवर त्याला टॉकबॅक म्हणतात, फायर टीव्हीवर व्हॉइसव्ह्यू. तो मेनूतले शब्द वाचतो, गोष्ट सांगत नाही. फायर टीव्हीच्या रिमोटवर ‘बॅक’ आणि ‘मेनू’ ही दोन बटणं एकत्र दोन सेकंद दाबून धरली की तो बंद होतो आणि तसाच पुन्हा चालू होतो. अँड्रॉइड टीव्हीवर सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त जा. पण कायमचा बंद करू नका. सासूबाईंना स्वतः रिमोट चालवायचा असेल, तर तो लागेलच.

खरं वर्णन ॲपच्या आत, भाषांच्या यादीत असतं. नेटफ्लिक्सवर भाग सुरू करा, रिमोटचं वरचं किंवा खालचं बटण दाबून ‘ऑडिओ अँड सबटायटल्स’ उघडा. ज्या भाषेत वर्णन केलेलं असेल, तिथे ‘इंग्लिश – ऑडिओ डिस्क्रिप्शन’ अशी वेगळी ओळ दिसेल, ती निवडा. प्राइम व्हिडिओवरही भाषांच्या यादीतच पाहा. आयफोन आणि आयपॅडवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन्स’ हे एकदा ऑन केलं की जिथे वर्णन असेल तिथे ते आपोआप लागतं. यादीत ओळच नसेल, तर त्या भागाला वर्णन नाही. सेटिंग्जमध्ये तासभर शोधू नका. नेटफ्लिक्सच्या शोधपट्टीत ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ हे शब्द इंग्रजीत टाकले की वर्णन असलेल्या कार्यक्रमांची यादी येते, ती जास्त उपयोगी.

सासूबाईंच्या नावाने वेगळं प्रोफाइल करा. ॲप शेवटची निवडलेली भाषा सहसा लक्षात ठेवतं. एकाच प्रोफाइलवर सगळे पाहत असतील तर कोणीतरी वर्णन काढतो, पुन्हा लावायला विसरतो, आणि म्हातारं माणूस ‘आज बिघडलंय वाटतं’ म्हणून गप्प बसतं.

एका मालिकेच्या पहिल्या सीझनचं वर्णन इतकं छान होतं की ते आहे हेच विसरायला व्हायचं. दुसऱ्या सीझनमध्ये तोच इंग्रजी कार्यक्रम, तेच नट, पण अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं. वर्णन तर पहिल्यापेक्षा जास्त होतं! – कोल्हापूर

जास्त होतं, तिथेच ग्यानबाची मेख आहे.

चांगला वर्णनकार आधी कानाला काय कळलंय ते ऐकतो. दार आपटल्याचा आवाज आलाय, तर ‘ती दार आपटते’ हे वाक्य वाया गेलं. त्याच जागेत ‘ती बॅग न घेताच गेली’ हे सांगता आलं असतं, आणि पुढच्या प्रसंगात त्या बॅगेवरूनच रामायण घडणार असतं. फोन वाजतो, पाऊस पडतो, कुत्रं भुंकतं, हे ऐकणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. फोनच्या पडद्यावर कुणाचं नाव आलं आणि ते वाचून त्याने फोन उलटा ठेवला, हे मात्र सांगावंच लागतं. वाईट वर्णनात रिकामी दिसेल ती प्रत्येक फट बुजवलेली असते. माणसं एकमेकांकडे बघत गप्प बसली आहेत, त्या गप्प बसण्यालाच अर्थ आहे, आणि निवेदक पडद्यांचा रंग सांगतोय. डोकं दुखतं ते यानं. पाऊण तास संवाद आणि वर्णन दोन्ही विनाखंड ऐकायचं म्हणजे दोन माणसांशी एकाच वेळी बोलण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. विनोदी प्रसंगात वर्णन हशाच्या आधी पूर्ण झालं पाहिजे. नट केळ्याच्या सालीवरून घसरला हे हशानंतर दोन सेकंदांनी कळलं, तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला विनोदाचा खुलासा येतो, विनोद नाही. भयपटात उलटा धोका असतो. कपाटात कोणीतरी आहे हे संगीताच्या दणक्याआधी सांगून टाकलं की दणका फुकट. तिथे वर्णन दणक्याच्या मागोमाग यावं, आणि ते दोन-तीन शब्दांचंच असावं.

तिसरी, नावं. पडद्यावर ज्याची अजून ओळख झालेली नाही, त्याला वर्णनकाराने ‘दाढीवाला माणूस’ म्हणायचं असतं. नाव कळलं की मग नावानेच. दोन सीझनचं काम दोन वेगळ्या कंत्राटदारांकडे गेलं की इथे हमखास घोळ होतो. पहिल्यातला ‘चट्टा असलेला माणूस’ दुसऱ्यात ‘उंच माणूस’ होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, नवीन पात्र आलं. जुन्या सीझनची नावं, ठिकाणं आणि ठरलेले शब्द यांची साधी दोन पानी यादी नव्या माणसाच्या हातात दिली तरी हे टळतं. ती दिली जात नाही, कारण वर्णनाचं काम सगळं संकलन संपल्यावर, प्रदर्शनाच्या तोंडावर उरकलं जातं.

एक मुद्दा वादाचा आहे. ‘ती चिडते’ म्हणावं की ‘ती ओठ आवळते’? शुद्धतावादी म्हणतात, फक्त दिसतं तेच सांगा, अर्थ ऐकणारा लावेल. आमचं मत असं की सव्वा सेकंदाच्या फटीत ‘चिडून’ हा एक शब्द तीन अवयवांच्या हालचालींपेक्षा बरा. पण चेहऱ्यावरचा भाव दिग्दर्शकानेच संदिग्ध ठेवला असेल, तर वर्णनकाराने निकाल देऊ नये.

पारख करायची एक सोपी पद्धत. अनोळखी भागाची मधली दहा मिनिटं डोळे मिटून ऐका, मग थांबवून स्वतःला विचारा : खोलीत कोण कोण आहे? आपण कुठे आहोत? शेवटची महत्त्वाची वस्तू कुणाच्या हातात आहे? कोण निघून गेलं? त्यानंतर तीच दहा मिनिटं डोळे उघडून पाहा. चारांपैकी तीन उत्तरं बरोबर असतील आणि कंटाळा आला नसेल, तर वर्णन चांगलं. उत्तरं बरोबर पण थकायला झालं, तर ते अघळपघळ आहे. मजा आली पण उत्तरं चुकली, तर निवेदकाचा आवाज गोड आहे, एवढंच.

रंग कशाला सांगतात? जन्मापासून दिसत नाही त्याला लाल काय आणि निळं काय? – परभणी

लाल दिवा, पांढरी साडी, भगवा झेंडा, काळी फीत यांचा अर्थ जन्मांध माणसालाही समाजात राहून ठाऊक असतो. शिवाय बहुसंख्य दृष्टिबाधित लोकांना कधीतरी दिसत होतं किंवा अजूनही थोडं दिसतं. रंगाने काही कळणार असेल तर सांगावा, सोफ्याचा सांगू नये.

वर्णन सुरू झालं की मागचं संगीत एकदम खाली जातं आणि संपलं की अंगावर येतं. कधीकधी निवेदकाचा आवाजच बुडतो. दोष आमच्या साउंडबारचा की त्यांचा? – ठाणे

दोन्हीकडे असू शकतो, म्हणून आधी ओळखा. संवाद आणि वर्णन दोन्ही पुसट येत असतील, तर दोष बहुधा घरातला आहे. पाच-एक (5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ध्वनीच्या ट्रॅकमध्ये माणसांचे आवाज मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. टीव्ही पाच-एक ध्वनी पाठवतोय आणि पलीकडे दोनच स्पीकर आहेत, किंवा जोडणी चुकली आहे, अशा वेळी ती मधली वाहिनी हरवते. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडून पाहा. पाच मिनिटांत उलगडा होईल.

संवाद खणखणीत आणि फक्त वर्णन बुडतंय, तर मिश्रण करणाऱ्याने चूक केली आहे. ओटीटीवर वर्णनाचा ट्रॅक म्हणजे मूळ आवाज आणि निवेदन आधीच एकत्र मिसळून केलेली पूर्ण ध्वनिपट्टी. त्यातला निवेदक तेवढा मोठा करण्याचं बटण तुमच्या हाती नसतं.

संगीताच्या हेलकाव्यांना मात्र तुम्ही आवर घालू शकता. निवेदन येण्याआधी पार्श्वध्वनी हळूच उतरवायचा आणि नंतर हळूच चढवायचा, ही मिश्रणाची रीत. घाईत केलं की ते झटक्याने होतं. त्यावर तुमच्या साउंडबारचा ‘नाइट मोड’ किंवा टीव्हीचा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल तर दुखणं वाढतं. ती यंत्रणा हळू आवाज वर ओढते आणि मोठा खाली दाबते, म्हणजे मिश्रण करणाऱ्याने जे मुद्दाम उतरवलंय तेच ती पुन्हा चढवते. दोन्ही बंद करा. कृत्रिम सराउंडही बंद करा. बऱ्याचदा मूळ कार्यक्रम पाच-एक किंवा डॉल्बी ॲटमॉस या सराउंड ध्वनीत असतो आणि वर्णनाचा ट्रॅक साध्या स्टीरिओत. त्या स्टीरिओला ओढूनताणून खोलीभर पसरवलं की निवेदक विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. दिसत नाही त्यालाच ध्वनीची खोली कमी मिळावी, हा उफराटा न्याय आहे, पण आज बऱ्याच ठिकाणी स्थिती तशी आहे.

हल्ली माणसाऐवजी संगणकाचा आवाज वर्णन करतो. ते वाईटच असतं का? – पुणे

नेहमीच नाही. माहितीपटात, पाककृतींच्या कार्यक्रमात तो चालून जातो. माणसाने नीट लिहिलेलं आणि यंत्राने वाचलेलं वर्णन, माणसाने वाईट लिहून माणसानेच वाचलेल्या वर्णनापेक्षा कधीही बरं. यंत्राची पंचाईत होते ती विनोदात, शोकात आणि कुजबुजीच्या प्रसंगात. पडद्यावर दोघं श्वास रोखून लपली आहेत आणि निवेदक रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात बोलतोय, म्हणजे सगळा ताण गेला.

मराठीत आणखी एक अडचण. ‘चहाचा चमचा’ हे दोन शब्द यंत्राकडून म्हणवून घ्या. चहातला च तालव्य, ‘चिमणी’तल्यासारखा; पुढचे सगळे दंततालव्य, ‘चटणी’तल्यासारखे. लिपीत फरक दिसत नाही, म्हणून हिंदीवर घडवलेला आवाज सगळे एकाच तऱ्हेने उच्चारतो. ळ चा ल होतो, ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर होतो. एकदा हसू येतं, दहाव्यांदा माणूस ट्रॅक बंद करतो. मराठी वर्णन यंत्राच्या आवाजात करायचंच असेल, तर पात्रांची आणि गावांची नावं आधी एकेक करून ऐकावीत आणि जे चुकतं ते उच्चाराप्रमाणे लिहून द्यावं.

घरात चौघं. एकालाच वर्णन हवंय, बाकीच्यांना त्रास होतो. मार्ग? – डोंबिवली

टीव्हीवर साधा ट्रॅक, आणि ज्यांना वर्णन हवंय त्यांच्या मोबाइलवर तोच भाग वर्णनाच्या ट्रॅकसह. तुमच्या योजनेत एका वेळी दोन पडदे चालतात का, ते आधी बघा. दोन्हीकडे भाग अगदी सुरुवातीला आणून थांबवा आणि ‘तीन, दोन, एक’ म्हणत एकदम सुरू करा. मोबाइल पुढे गेला तर तो क्षणभर थांबवून पुन्हा सुरू करा, टीव्ही पुढे गेला तर टीव्ही. दहा सेकंद मागे-पुढे करण्याची बटणं वापरू नका, त्याने गोंधळ वाढतो. मोबाइलला तारेचा इअरफोन लावा. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो आणि खोलीतल्या आवाजाबरोबर प्रतिध्वनी ऐकू येतो. एका कानात इअरफोन, दुसरा कान घरच्यांसाठी मोकळा. बरोबर हसता आलं पाहिजे, नाहीतर एकत्र बघण्यात काय अर्थ? जाहिराती असलेल्या स्वस्त योजनेत हा जुळवलेला मेळ पहिल्याच जाहिरातीला मोडतो.

टीव्हीलाच ब्लूटूथ हेडफोन जोडून हे होत नाही. टीव्ही एका वेळी एकच ट्रॅक वाजवतो, तो स्पीकरवर ऐका नाहीतर हेडफोनवर.

महाविद्यालयातल्या आमच्या गटाला 18 मिनिटांच्या मराठी लघुपटासाठी वर्णन तयार करायचं आहे. इंग्रजी नियमावल्या वाचल्या, पण मराठीत काय वेगळं करावं? – सातारा

इंग्रजीत मिनिटाला साधारण 160 शब्द असा ठोकताळा सांगतात. तो मराठीला लावू नका. ‘खिडकीतूनसुद्धा’ हा आपला एक शब्द, त्यांचे तीन. अक्षरं मोजा, तीही कानाने. आरामात ऐकू येईल असं वाचन सेकंदाला पाच अक्षरांच्या आसपास धरा. चार सेकंदांची फट असेल तर दोन्ही टोकांना पाव-पाव सेकंद सोडा, उरले साडेतीन, म्हणजे सतरा-अठरा अक्षरं. ‘मीरा थरथरत्या हातांनी ते जुनं पत्र फाडते आणि उघड्या खिडकीतून बाहेर भिरकावून देते’ हे वाक्य सहा सेकंद खातं. ‘मीरा पत्र फाडून खिडकीबाहेर भिरकावते’ तिनाच्या आत बसतं. थरथर गेली म्हणून हळहळू नका. पुढच्या प्रसंगात तुकडे अंगणात कुणाला सापडणार असतील तर खिडकी हवी. सापडणार नसतील तर खिडकी सोडा, थरथर ठेवा. म्हणून लघुपट शेवटपर्यंत दोनदा पाहिल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये.

मराठीची खरी गंमत क्रियापदात आहे. इंग्रजीत चेहरा झाकलेला माणूस जिना चढतो, तेव्हा तो पुरुष की बाई हे वर्णनकाराला लपवता येतं. आपण ‘चढतो’ म्हटलं की रहस्य फुटलं. पण मराठीकडे नपुंसकलिंग आहे, हिंदीकडे ते नाही. ‘कुणीतरी जिना चढतंय’ म्हणा, काम झालं. ‘एक आकृती चढते’ असं लिहिलंत तर ऐकणारा ती बाईच समजण्याचा धोका आहे.

आदरार्थी रूपाचंही आधीच ठरवा. आजोबा ‘बसतो’ की ‘बसतात’? ऐतिहासिक लघुपटात महाराज घोड्यावरून ‘उतरतात’च, तिथे प्रश्न नाही. पण हवालदार, सरपंच, सासरे यांचं काय? सगळ्यांना अनेकवचन दिलं की दोन माणसं उठली की एकच, हे ऐकून कळत नाही. आमचा सल्ला : वयाने किंवा कथेत मानाने मोठी असतील तेवढ्यांनाच आदरार्थी, बाकीच्यांना एकवचन, आणि शेवटपर्यंत तसंच. उलट, कर्ता गाळण्याची सोय मराठीत मुबलक आहे. पुरुष आणि स्त्री अशी दोनच पात्रं असतील तर ‘उठतो. थांबते. वळते.’ एवढ्यात कोणी काय केलं हे कळतं. इंग्रजी वर्णनकाराला दरवेळी सर्वनाम लावावं लागतं.

वर्तमानकाळ वापरा, ‘आपल्याला दिसतं की’ टाळा, कॅमेऱ्याची भाषा टाळा. आकाशवाणीच्या श्रुतिकेचा मोह आवरा. तिथे पात्रंच ‘अगं, दिवा का विझवलास?’ म्हणून दृश्य सांगतात, इथे पात्रांचे शब्द हलवता येत नाहीत. गाणं असेल तर शब्दांवर बोलू नका, कडव्यांमधल्या संगीतात जे बसेल ते बसवा. पडद्यावर आलेला मजकूर, मोबाइलवरचा संदेश, दुकानाची पाटी वाचून दाखवा. दुसऱ्या भाषेतल्या संवादाचं भाषांतर पडद्यावर येत असेल, तर ते शक्यतो दुसऱ्या आवाजात वाचा, नाहीतर वर्णन कुठलं आणि संवाद कुठला ते कळत नाही.

आणि मसुदा झाल्यावर, ध्वनिमुद्रणाच्या आधी, दृष्टिबाधित व्यक्तीला ऐकवा. चित्र माहीत असलेल्या तुमच्या मित्रांना सगळंच स्पष्ट वाटेल.

अमेरिकेत एका मालिकेला वर्णन होतं. पुण्यात घरी आल्यावर तीच मालिका दुसऱ्या ओटीटीवर वर्णनाविना. असं का? – न्यू जर्सी

कार्यक्रमाचे हक्क विकताना वर्णनाचा ट्रॅक बरोबर जातोच असं नाही. तो पहिल्या वाहिनीने स्वतःच्या पैशाने करून घेतलेला असतो, नवा खरेदीदार तो मागत नाही किंवा वेगळे पैसे मोजत नाही. ओटीटीने स्वतः निर्माण केलेल्या कार्यक्रमांत हा प्रश्न कमी येतो. नेटफ्लिक्सने 2015 च्या एप्रिलमध्ये वर्णनाला सुरुवात केली तीही स्वतःच्या ‘डेअरडेव्हिल’पासून, ज्याचा नायक अंध वकील आहे. येताना भाग डाउनलोड करून आणणार असाल, तर आधी वर्णनाची भाषा निवडा, मग डाउनलोड करा आणि विमानात बसण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाच मिनिटं ऐकून बघा. डाउनलोडमध्ये सगळ्या भाषा येत नाहीत.

तक्रार कुणाकडे करायची? एका ओटीटीला तीनदा लिहिलं, ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. – लातूर

‘वर्णन खराब आहे’ असं लिहिलं की उत्तरही तसंच येतं. कार्यक्रम, सीझन, भाग, मिनिट-सेकंद, निवडलेला ट्रॅक, उपकरण आणि ॲपची आवृत्ती लिहा. मग दोष एका वाक्यात : ‘14 मिनिटं 20 सेकंदांपासून निवेदन दृश्याच्या चार सेकंद मागे पडतं.’ दुसऱ्या उपकरणावरही तसंच होतं का ते पाहून तेही लिहा. एवढी माहिती असली की तक्रार ग्राहकसेवेच्या टेबलावर न अडकता ध्वनी विभागापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते.

पत्र ओटीटीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने पाठवा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याच नियमांतल्या आचारसंहितेत, दिव्यांगांसाठी कार्यक्रम सुलभ करण्याचे वाजवी प्रयत्न करावेत असं म्हटलं आहे. ‘वाजवी’ हा शब्द सैल आहे, म्हणून सोबत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 चा उल्लेख करा, त्यात ऑडिओ डिस्क्रिप्शनचं नाव स्पष्ट आहे. जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी प्रदर्शनासाठी वर्णन तयार करायला सांगितलं होतं, तोही दाखला द्या. 15 मार्च 2024 ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं मात्र जोडू नका. ती चित्रपटगृहांसाठी आहेत, आणि चुकीचा कागद जोडला की पलीकडच्याला पत्र बाजूला सारायला निमित्त मिळतं.

15 दिवसांत काही झालं नाही, तर तीच कागदपत्रं पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे पाठवा. आधीच्या तिन्ही पत्रांच्या तारखा वर लिहायला विसरू नका.